साडेतीनशे ग्रॅम

नवा लॅपटॉप हातात आला तेव्हा वृषाली हेरवाडेला वाटलं, खोक्यात चुकून नुसतं झाकणच आलंय. पुठ्ठ्याच्या फायलीएवढी जाडी आणि वजन साडेतीनशे ग्रॅम. हॉस्पिटलचे स्टोअरकीपर तोडकर यांनी तो दोन बोटांत धरून तिच्यापुढे केला.

"मॅडम, इथं सही करा. आणि ते जुनं धूड माझ्याकडं ठेवून जा."

जुनं धूड म्हणजे पावणेचार किलोंचा लॅपटॉप. त्याच्या चार्जरची वीट वेगळी, माइकची पेटी वेगळी. सात वर्षं ते सगळं डाव्या खांद्यावर टाकून वृषाली एसटीनं, माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपनं, कधी कुणाच्या मोटरसायकलवर मागे बसून सांगली जिल्हाभर हिंडली होती.

ती वाचा-उपचारतज्ज्ञ होती. घशाच्या कॅन्सरमुळे ज्यांचं स्वरयंत्र काढावं लागणार, अशा माणसांच्या घरी ऑपरेशनच्या आधी जायचं आणि त्यांचा आवाज टिपून आणायचा, हे तिचं काम. ऑपरेशननंतर रुग्णाच्या जबड्याखाली एक पट्टी चिकटवत. माणूस बिनआवाजी बोलायला लागला की ओठ, जीभ, जबडा हलतात. त्या स्नायूंतले बारीक विद्युतप्रवाह ही पट्टी वाचायची आणि गळ्यातल्या छोट्या स्पीकरमधून शब्द बाहेर पडायचे. ते त्याच्याच आवाजात पडावेत, म्हणून आधी टिपलेला आवाज लागायचा. हॉस्पिटलात माणसं दबून बोलतात, घरी मोकळी बोलतात. म्हणून वृषाली घरी जायची.

या फिरतीत तिच्या मानेतली चकती सरकली. सकाळी उठलं की डाव्या हाताची दोन बोटं बधिर. दोन किलोंच्या वर उचलू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नवरा, अभय, म्हणायचा, "नोकरी सोड म्हणत नाही मी. ते ओझं तरी सोड."

तिनं सही केली. नव्या यंत्राला पंखा नव्हता, आवाज नव्हता, उशीसारखं मांडीवर बसायचं. संध्याकाळी घरी आल्यावर अभयशी चार वाक्यं बोलण्याइतकं त्राण अंगात उरू लागलं. पूर्वी पाच महिन्यांत सहा-सात माणसं व्हायची, आता अकरा झाली. वार्षिक बैठकीत तिनं स्वतः उठून या यंत्राचं कौतुक केलं.

बारावे जालिंदर यमगर.

आटपाडीच्या पुढं एका वाडीवर त्यांचं घर. वय एकसष्ट. तीस वर्षं कुस्तीच्या मैदानांत निवेदन केलेलं. हलगी थांबली आणि जालिंदर अण्णांनी माइक घेतला की पोरं झाडावरून खाली उतरायची, असं लोक सांगत. पैलवानाचं गाव, वस्ताद, आजोबांनी कुठल्या साली कुणाला कुठल्या डावावर अस्मान दाखवलं, सगळं एका दमात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मात्र बारीक अक्षरात एक शब्द होता: तोतरेपणा.

"या ता-ता-ताई. ब-ब-बसा," अण्णा म्हणाले. घशातल्या गाठीमुळे आवाज खरखरीत झाला होता, तरी त्यात ताकद होती. "र-र-र..."

ते अडकले. त्यांची बायको चुलीपाशी उभी होती. तिनं वाक्य पुरं केलं नाही, मान वळवली नाही, हातातलं कामही पुढं नेलं नाही. नुसती थांबली.

"...रतन, च-चहा."

"ठेवलाय," रतनवहिनी म्हणाल्या.

वृषालीनं तीन तास टिपलं. अण्णांनी मैदानातलं निवेदन केलं तेव्हा एकदाही अडकले नाहीत. असं होतं, लय आणि गर्दी यांच्या आधारानं तोतरी जीभ सरळ चालते, हे तिनं शिकताना वाचलं होतं. मग घरातलं बोलणं टिपलं. शेळ्यांवरून दोघांचं वाजलं, लेकीला पुण्याला फोन झाला. तिथं अण्णा दर तिसऱ्या शब्दाला अडकत होते.

आठ दिवसांनी, गुरुवारी, ती तयार झालेला नमुना ऐकवायला गेली. ऑपरेशन सोमवारी होतं.

तिनं लॅपटॉप उघडला. स्पीकरमधून अण्णांचाच खर्जातला आवाज आला: "रतन, शेळीला पाला टाकलास का? मी दुपारी तासगावला जाऊन येतो."

सरळ, एका दमात.

अण्णा खाटेवर बसले होते, ते उठून उभे राहिले. "प-पुन्यांदा लावा," ते म्हणाले. तिनं लावलं. तिसऱ्यांदा लावलं. एकसष्ट वर्षांचा तो गडी तोंडावर पंचा धरून हुंदके द्यायला लागला.

"शा-शाळेत मास्तर उ-उभं करायचं मला," पंच्याआडून ते म्हणाले. "व-वाच म्हणायचं. प-प-पोरं हसायची. ताई, आता ह्यो आवाज मि-मिळंल मला? आसाच?"

वृषालीनं बोलणं असं सरळ केलं नव्हतं. कुणालाच करायला सांगितलं नव्हतं.

"वहिनी, तुम्हाला कसं वाटतंय?" तिनं विचारलं.

रतनवहिनी पदराला हात पुसत लॅपटॉपपाशी आल्या. "आवाज त्येंचाच हाय," त्या म्हणाल्या. "पर ह्यो मैदानातला माणूस झाला. मी मैदानात कवा गेलेच न्हाय, ताई. बायका जात न्हाईत. मला ह्यो ठावंच न्हाय."

वाडीच्या थांब्यावर एसटीची वाट बघत वृषालीनं मूळ रेकॉर्डिंग उघडलं. तीन तासांचं संभाषण होतं. शेळ्या, पाला, लेकीचा फोन, सगळं शब्दन्‌शब्द. पण अण्णा कुठंच अडकत नव्हते. ज्या रेकॉर्डिंगवरून नमुना बनला ते रेकॉर्डिंगच सरळ होतं.

शुक्रवारी सकाळी तिनं लॅपटॉपच्या कंपनीत फोन लावला. तीन माणसांकडून फिरत फिरत तो एका तरुण इंजिनिअरपर्यंत पोचला. मुलगा सभ्य होता.

"मॅडम, मशीन एवढं पातळ करायचं म्हणजे बॅटरी पातळ करावी लागते, पंखा काढावा लागतो. मग आतली चिप तापून चालत नाही. आवाजाची लहर जशीच्या तशी लिहीत बसलं तर तिला फार काम पडतं. म्हणून आपण लहर साठवत नाही, सार साठवतो."

"सार म्हणजे?"

"शब्द कुठले, सूर कसा, आवाजाची ठेवण कशी. ऐकताना मशीन त्यावरून आवाज पुन्हा तयार करतं. लाखो तासांचं बोलणं ऐकून ते शिकलंय. जे ओळखीच्या नमुन्यात बसत नाही, ते जवळच्या नमुन्यावर नेऊन बसवतं. तुम्हाला फरक कळणारसुद्धा नाही."

"मला कळला नाही हे खरं," वृषाली म्हणाली.

तिला ग्रामसभेचं इतिवृत्त आठवलं. तिचे वडील ग्रामसेवक होते. सभेत आरडाओरडा व्हायचा, कुणी चप्पल उगारायचं, एखादी म्हातारी पाण्यावाचून रडायची. आणि वडील वहीत लिहायचे, 'सविस्तर चर्चा झाली, ठराव सर्वानुमते मंजूर.' खोटं एक अक्षर नसायचं. पण सभा त्यात नसायची.

"मूळ लहर साठवायची सोय आहे की नाही?"

"आहे ना. सेटिंगमध्ये आहे."

तिनं ती सोय चालू करून पाहिली. अकराव्या मिनिटाला लॅपटॉपचा तळ तव्यासारखा तापला, बाराव्या मिनिटाला पडदा काळा झाला.

मग तिनं आधीची अकरा रेकॉर्डिंगं काढली. त्या माणसांना ती समोर बसून भेटली होती, त्यामुळे काय नाहीसं झालंय ते आता ऐकू येऊ लागलं. जतच्या गंगव्वाच्या मराठीतले कानडी हेल गेले होते. कवठ्याच्या शिंपीकाकांचं दर वाक्याआधीचं 'अं हं' गेलं होतं. एक बाई बोलता बोलता मधेच श्वास आत ओढून हसायची, ते हसणं सुबक होऊन वाक्याच्या शेवटी आलं होतं. अकरांपैकी दोघांचं पुन्हा टिपता येण्यासारखं होतं, बाकी नऊ जणांची ऑपरेशनं झाली होती. त्यांचं मूळ आता कुठंच नव्हतं. आणि हे आवाज तिनं, वीस वर्षं माणसांचे आवाज ऐकण्याची नोकरी केलेल्या बाईनं, कान देऊन तपासले होते. स्वच्छ आलंय, म्हणून खूशही झाली होती.

दुपारी ती स्टोअरमध्ये गेली. "तोडकर, माझं जुनं मशीन आहे का अजून?"

"भंगारात चाललंय मंगळवारी. का?"

"द्या इकडं."

शनिवारी अभय दारात आडवा उभा राहिला. "मी येतो गाडी घेऊन."

"तुझी आज परीक्षेची ड्यूटी आहे."

"मग दुसऱ्या कुणाला पाठव. मान गेली तर तुझ्या जागी कोण बोलणार आहे त्या लोकांशी?"

"अभय, सोमवारी त्या माणसाचा घसा कापणार आहेत."

तो बाजूला झाला. थांब्यापर्यंत पिशवी त्यानं नेली. पुढं तिची तिलाच न्यायची होती. आटपाडीला गाडी बदलताना तिनं ती उजव्या खांद्यावर घेतली, मग हातात, मग पुन्हा डाव्या खांद्यावर. वाडीच्या चढावर दोनदा खाली ठेवली. अण्णांच्या घरी पोचली तेव्हा डाव्या हाताला पेला धरवेना.

पण अण्णा ऐकायला तयार नव्हते.

"न्हाय," ते म्हणाले. "म-माझं ठरलंय. मला त्यो गु-गुरवारचाच आवाज पायजे."

"तो तुम्हाला मिळेलच, अण्णा. मी काढून घेत नाही. पण तो मशीननं स्वतःच्या मनानं सरळ केलेला आहे. तुमचं खरं बोलणं एकदा टिपून ठेवू. नंतर वाटलं तरी मिळायचं नाही."

"क-कशाला वाटंल? सा-सा-साठ वर्सं वागवलं ते. आता डाक्टर घसा का-कापणार, आन तु-तुमी तेवढा त्यो रोग बाटलीत भ-भरून ठेवणार?"

ज्याचा आवाज, त्याची मर्जी. हेच वृषाली हॉस्पिटलातल्या विद्यार्थ्यांना शिकवायची. तिनं मशीन परत पिशवीत घालायला घेतलं.

"थांबा ताई," रतनवहिनी म्हणाल्या. मग नवऱ्याकडं वळल्या. त्या पहिल्यांदाच मोठ्यानं बोलत होत्या. "तुमी रोग म्हणता त्येला. लगीन झालं तवा मी सतरा वर्साची. तुमी मला पयल्यांदा हाक मारली, ती निम्म्या वाटंतच अडकली. मला वाटलं, ह्यो माणूस माझं नाव घ्यायला एवढा झटतोय. माझ्या बानं तर मला कवा नावानं हाक मारली न्हवती."

वहिनी खाटेपाशी सरकल्या.

"गावाला तुमचा त्यो आवाज द्या. खुशाल द्या. मी त्यात वाटा मागत न्हाय. ह्यो माझा हाय, एवढा मला ठिवा."

बाहेर शेळ्या ओरडत होत्या. अण्णांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली, परत घातली.

"त-तू ऐकणार हाईस ते?" त्यांनी विचारलं.

"आयकीन, न्हायतर न्हाय आयकणार. माझं मी बगीन."

अण्णांनी मशीनकडं बोट केलं. "ला-लावा."

पंखा घरघरत होता. त्याचा आवाज माइकात जाऊ नये म्हणून वृषालीनं मशीन गोधडीवर ठेवलं आणि माइक लांब धरला. पावणेदोन तास ती तो हातानं धरून बसली होती. काय बोलायचं हे कुणी सांगितलं नाही. दोघं नवरा-बायको एकमेकांशी बोलत राहिली: लेकीचं बाळंतपण, मेलेला बैल, एकदा अण्णा चार दिवस रुसून निघून गेले होते तो किस्सा. शेवटी अण्णांचा घसा बसला आणि ते हातानंच बास म्हणाले.

सोमवारी ऑपरेशन नीट झालं.

पुढचे दोन आठवडे वृषाली त्या नऊ जणांकडं गेली. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. तुमचा टिपलेला आवाज यंत्रानं सुधारला, मूळ गेलं, चूक माझी, मी तपासलं नाही. हे नऊ वेळा म्हटलं. सहा जणांना फरक पडला नाही. एक गृहस्थ उलट म्हणाले, बरं झालं. कवठ्याच्या शिंपीकाकांनी स्पीकर बंद केला आणि पाटीवर लिहिलं, 'चहा घेणार?' गंगव्वा ऑपरेशननंतर महिन्याभरात वारली होती. तिचा मुलगा सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "आम्हाला वाटलं, अव्वा तुमच्यासमोर मुद्दाम शुद्ध बोलली असंल. माझी बहीण तिच्यावर रागावली होती त्यावरून. मेल्यानंतर." तो आत गेला तरी वृषालीला अंगणातून उठवेना.

हॉस्पिटलच्या प्रमुख डॉ. सामंत यांनी तिची बाजू ऐकून घेतली. "दोन मशीन देता येणार नाहीत. एका कर्मचाऱ्याला एक, असा नियम आहे. जाड घेतलंस तर दोन महिन्यांत किती घरं करशील?"

"दोन. मान बरी असली तर."

"आणि पातळ घेतलंस तर पाच. म्हणजे दर दोन महिन्यांत तीन माणसं बिनआवाजाची राहणार, तुझ्या हट्टापायी. हा हिशेब तूच कर."

तिनं तो केला. अनेक संध्याकाळी केला, दर वेळी उत्तर वेगळं आलं. शेवटी तिनं जाड मशीन घेतलं, आणि पातळ यंत्र हॉस्पिटलातल्या खोलीत ठेवायला लावलं: ज्यांना थांबायला वेळ नाही, किंवा ज्यांना सुबकच आवाज हवा, त्यांनी तिथं येऊन द्यावा, पण काय जाणार हे आधी वाचून, सही करून. निम्म्याहून जास्त लोक सही करून खोलीतच जायला लागले. तिला ते बरं वाटलं की वाईट, हे तिला नीट सांगता आलं नसतं. थकवा परत आला. अभयशी बोलणं परत दोन वाक्यांवर आलं. तो रोज संध्याकाळी मानेला तेल लावून द्यायला लागला.

दोन महिन्यांनी ती अण्णांच्या तपासणीला वाडीवर गेली. अण्णांच्या जबड्याखाली पट्टी, गळ्यात स्पीकर.

"या ताई, बसा," ते खणखणीत म्हणाले. "परवा खानापूरच्या मैदानात निवेदन केलं. अर्धा सेकंद मागं पडतं, पण लोकांना कळलं नाही. वीस मिनिटांची कुस्ती लावली होती, नवव्या मिनिटाला निकाली!" ते बोलत राहिले. वस्ताद, डाव, गर्दी. मधेच रतनवहिनींना म्हणाले, "मी त्या वेळी रुसून गेलो ते चुकलंच माझं," आणि पुढं बोलत राहिले. त्यांना थांबायची सवयच राहिली नव्हती आता.

"दुसरा आवाज लावून बघितला?" वृषालीनं हळूच वहिनींना विचारलं. शनिवारच्या रेकॉर्डिंगवरूनही एक आवाज तयार करून तिनं स्पीकरमध्ये भरून दिला होता.

वहिनींनी मान हलवली. "त्येंनी न्हाय लावला. मीबी म्हटलं न्हाय."

"आणि रेकॉर्डिंग?"

"पेटीत हाय. अजून आयकलं न्हाय."

जेवायला बसताना अण्णांनी पट्टी काढून खुंटीवर अडकवली. चावताना ती भलतेच शब्द बोलायची. घर एकदम शांत झालं. भाकरी मोडता मोडता त्यांना काहीतरी आठवलं आणि ते बिनआवाजी बोलायला लागले. ओठ हलत होते, गळ्यातल्या छिद्रातून नुसती हवा येत होती.

"नवव्या न्हाय," त्यांच्या ओठांकडं बघत रतनवहिनी म्हणाल्या. "पंधराव्या मिनिटाला झाली कुस्ती. धाकटा दीर सांगत हुता."

अण्णांनी मान जोरात हलवली. तोंड उघडलं. ओठ एकावर एक मिटले, पुन्हा मिटले, जबडा थरथरला, शब्द निघेना. आवाज नसतानाही ते अडकले होते.

रतनवहिनींच्या हातात कालवणाची पळी होती. ती त्यांनी ताटावर तशीच धरून ठेवली. त्या थांबल्या.

ओठ सुटले. अण्णांनी वाक्य पुरं केलं.

"सांगू नगा मला," वहिनी म्हणाल्या, "तुमचा भाऊ तुमच्यापरीस खरं बोलतो," आणि त्यांनी पळी ताटात ओतली. अण्णा हात उडवत पुन्हा सुरू झाले.

दोघांचं चांगलंच जुंपलं. एकाच माणसाचा आवाज येत होता, तरी भांडण दोघांचं होतं. वृषाली जेवत राहिली. तिनं आणखी अर्धी भाकरी मागून घेतली.